परबसिस्टरची तीन दुखणी आणि पिकलो

आचऱ्यात निम्मी माणसं अशी निघतील, की त्यांनी जन्मातली पहिली मोठी बोंब मारली ती परबसिस्टरची सुई लागल्यावर. रुक्मिणी परब. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून लागली ती तिथूनच निवृत्त झाली. उंचीला बेताची, अंगानं काटक, आणि आवाज असा, की दारात उभं राहून तिनं "फुडचो कोण?" म्हटलं की रस्त्यापलीकडच्या दुकानातलं गिऱ्हाईकही उगीच सावरून बसायचं. निवृत्त झाली तरी गावावरचा धाक काही उतरला नव्हता. तिठ्यावर तंबाखू मळणारे ती येताना दिसली की मूठ मिटून घेत आणि पावसापाण्याचं काहीतरी बोलायला लागत.

तिचं न ऐकणारे गावात दोघंच होते, आणि दोघंही तिच्याच घरात राहत.

एक तिचा नवरा बाबली. हा एसटीत कंडक्टर होता. तिकीट फाडता फाडता कुणाची म्हैस व्याली, कुणाचा झील मुंबईहून आला, कुणाची सोयरीक मोडली, सगळं त्याच्या कानावर पडायचं आणि पुढच्या थांब्यापर्यंत थोडं वाढून खाली उतरायचं. माणूस गोड बोलणारा आणि गोड खाणारा. निवृत्तीनंतर गोड बोलण्याला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि गोड खाण्याला रुक्मिणीनं बंदी घातली, कारण रक्तात साखर सापडली होती.

दुसरा तिचा कुत्रा. केंद्रातल्या तरुण डॉक्टरीणबाईंची बदली विदर्भात झाली, तिकडच्या क्वार्टरात कुत्रा चालेना, म्हणून त्यांनी रडत रडत तो सिस्टरच्या ओटीत घातला. पांढरा, पाठीवर आणि एका कानावर तपकिरी डाग, पाय आखूड आणि शेपटी कायम उभी. जॅक रसेल टेरियर. बिळात घुसून जनावर बाहेर काढायला तयार केलेली ही जात, असं बाईंनी सांगितलं होतं. नाव पिकल.

"म्हणजे काय?" बाबलीनं विचारलं होतं.

"लोणचं," बाई म्हणाल्या.

"कुत्र्याक कोण लोणचां म्हणता?" बाबलीला ते काही पटलं नाही. त्यानं दुसऱ्याच दिवशी पिकलचा पिकलो केला. तेव्हापासून परबांच्या परड्यातून "पिकलो! पिकलो!" अशी हाक आली, की कुंपणापलीकडून हमखास कुणीतरी विचारायचं, "काय पिकलो रे बाबल्या? फणस?"

पिकल्यानं पहिल्या आठवड्यात अळवाचा वाफा उकरला, दुसऱ्या आठवड्यात गांडुळखताचा खड्डा. मुंगूस दिसलं की तो सुटायचा. माडावरून नारळ पडला तरी नारळावर धावून जायचा, म्हणून त्याला माडाखाली बांधायचं नाही असा घरात नियम झाला. असे नियम पुष्कळ होते. फिरायला नेताना पट्टा घालायचा तो गळ्याला नाही, छातीवरून घ्यायचा, कारण मुंगसापायी हा आपली मान मोडून घेईल. पट्टा हातातून सोडायचा नाही, कारण शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्या अरुंद रस्त्यावरून अशा सुटतात, जशा काही समुद्र संध्याकाळी बंद होणार आहे. वाळू तापलेली असताना किनाऱ्यावर न्यायचं नाही. दिवेलागणीच्या आत घरी, कारण काजूच्या बागेतून बिबट्या खाली उतरतो आणि त्याला पिकलो म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. किनाऱ्यावरचं काहीही तोंडात घालू द्यायचं नाही, गळाची गरी नाही, जाळ्याचा तुकडा नाही, आणि केंड तर अजिबात नाही. केंड हा मासा डिवचला की चेंडूसारखा टम्म फुगतो. त्याच्या अंगात विष असतं. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात आला की माणसं शिव्या देत तो वाळूवर भिरकावतात.

हे सगळं रुक्मिणी बाबलीला रोज ऐकवायची, कारण सकाळ-संध्याकाळ कुत्रा फिरवणं हे त्याच्याकडे होतं. डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं होतं, कुत्र्याला चालायचंच होतं, तेव्हा दोघांना एकमेकांच्या हवाली केलं की झालं.

पण साखर उतरेना. बाबली तासच्या तास फिरून येई, घाम पुशी, पंख्याखाली बसून "आज समुद्रापर्यंत गेललो" म्हणे, आणि रुक्मिणीनं बोटाला सुई टोचून यंत्रात बघितलं की आकडा पुन्हा वर.

"काय खातास तुमी?"

"तू घालतंस तां. कारल्याची भाजी आणि दुधी."

"मगे ही साखर खंयसून येता?"

"काय म्हायत," बाबली निरागस चेहऱ्यानं म्हणायचा. "रक्तच गोड आसात माझां."

कार्तिकात बाबलीच्या भाचीचा साखरपुडा कुडाळला ठरला. तो दोन दिवस बहिणीकडे राहायला निघाला. रुक्मिणी एसटीपर्यंत सोडायला गेली.

"साखरपुडो चेडवाचो आसा," ती म्हणाली. "साखर तुमी खावची नाय."

संध्याकाळी तिनं पिकल्याला पट्टा घातला आणि सरळ समुद्राच्या वाटेला लागली. पण कुंपणाच्या कोपऱ्यावर पिकल्यानं चारही पाय वाळूत रोवले. समुद्र उजवीकडे होता, त्याला डावीकडे जायचं होतं. रुक्मिणीनं ओढलं, तो बसला. तिनं ओपीडीतला आवाज काढला, त्यानं जांभई दिली. शेवटी तिनं विचार केला, बघू तरी कुठं जातो ते, आणि पट्टा सैल सोडला.

पिकलो शेपटी उभी करून, रस्ता पाठ असलेल्या पोस्टमनसारखा निघाला. वाटेत ना कुठं वास घेतला ना कुठं पाय वर केला. मथुराकाकीच्या अंगणात शिरला आणि थेट ओटीवर जाऊन बसला.

मथुराकाकी एकटी राहणारी म्हातारी. ती सूप खाली ठेवून उठलीच. "अगो बाय माझे! रुक्मिणी! तू उठान चलाक लागलंस?"

"म्हणजे?"

"गुडघे कसे आसत? बाबली सांगत होतो, दोनय गुडघे गेले, हातरुणावरसून उठाक गावणा नाय. रांदूक कोण नाय घरात. रोज येता बिचारो. सकाळपासून पोटात कायव नाय म्हणता. मगे मीच वाडतंय कायतरी. परवा शिरवाळे केलंय, तर नारळाचो गोड रस तीन वेळा मागान घेतल्यान."

रुक्मिणीच्या तोंडात शब्द आले होते, आणि ते म्हातारीसमोर बोलण्यासारखे नव्हते. पण इतक्या वर्षांच्या नोकरीची एक सवय होती, की रोग्याची हकिकत अर्धी ऐकून औषध द्यायचं नाही. तिनं तोंड मिटलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच ओटीवर टेकली.

"आज जरा बरां वाटला," ती म्हणाली, "म्हणान इलंय."

पिकल्याला सुक्या बांगड्याचा तुकडा मिळाला. तो खाऊन झाल्यावर त्यानं रुक्मिणीकडे अशा नजरेनं पाहिलं, की चला, अजून पुष्कळ घरं आहेत.

पुढचा मुक्काम किनाऱ्याच्या वाटेवरचं मंगेशचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकडी आणि एक स्टोव्ह. मंगेशनं सिस्टरला बघितलं आणि हातातली किटली तशीच ठेवून खुर्ची घेऊन धावला.

"सिस्टर, बसा! उभी रवा नको, चक्कर येयत!"

"खंयची चक्कर?"

"काकान सांगल्यान मां. उभी रवलास की तुमच्या डोळ्यांसमोर काळोख येता. घरात च्या करूक कोण नाय म्हणान मी तेंका पेशल देतंय. साखर जरा जास्त घालतंय. एवढां करतत तुमचां, अंगात बळ नको?"

"होया तर," रुक्मिणी खुर्चीत बसून, डोळे मिटून म्हणाली. "बळ होयाच."

गुडघे आणि चक्कर मिळून दोन झाली. तिसरं काय असेल ह्याची आता तिला खरोखरच उत्सुकता लागली. पिकल्यानं तिला फार वाट बघायला लावली नाही. हॉटेलामागच्या पाणंदीतून तो तिला सारिकाच्या पडवीत घेऊन गेला. सारिका शिवणकाम करायची. मशीनवरून मान वर करून ती म्हणाली, "काकी! तुमी कशाक इलास? हाताक धक्को लागलो तर?"

"हात," रुक्मिणी स्वतःशी म्हणाली. "बरां. हात."

"उजवो मां? काका सांगत होते, पळीसुद्धा उचलाक जमणा नाय. सांगताना तेंचे डोळे भरान इले हो. मी म्हटलंय, काका, रडा नको, ही नारळाची वडी खावा. आणि ह्या बगा." तिनं कपाटातून पोपटी कापड काढलं. "एका हातान घालूक येयत असो झंपर शिवतंय तुमच्यासाठी. रंग काकांनीच निवडलो."

पोपटी रंग रुक्मिणीचा आवडता होता. ते तिनं नवऱ्याला कधी सांगितल्याचं तिला आठवत नव्हतं. पण तेवढ्यात सारिका पिकल्याला म्हणाली, "बस," आणि तो बसला. "हात दी." त्यानं पंजा दिला. घरी ज्या कुत्र्याला बस म्हटलं की तो वाफा उकरायला जायचा, तो इथं शाळेतल्या हुशार मुलासारखा वागत होता. खरं सांगायचं तर रुक्मिणीला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

त्या पडवीतून उतरताना ती आपोआप लंगडत होती, उजवा हात पदराखाली होता आणि सारिका बघतेय म्हणून मधेच थांबून तिनं कपाळालाही हात लावला. घराचं फाटक लावल्यावर मात्र पायरीवर बसून एकटीच हसली. पुष्कळ दिवसांनी इतकी हसली. पिकल्यानं तिच्याकडे जरा काळजीनं पाहिलं.

बाबली कुडाळहून परतला तेव्हा घरात चूल थंड होती. रुक्मिणी पलंगावर, कपाळाला फडकं बांधून. पायाशी पिकलो.

"काय झालां गो?"

"गुडघे," ती क्षीण आवाजात म्हणाली. "दोनय गेले."

बाबली दारातच थांबला.

"उठाक गेलंय तर चक्कर. डोळ्यांसमोर काळोख."

बाबलीच्या हातातली पिशवी हळूहळू जमिनीला टेकली.

"आणि उजवो हात. पळीसुद्धा उचलाक जमणा नाय."

बाबलीनं पिकल्याकडे पाहिलं. पिकल्यानं शेपटी हलवली.

आता कबूल करायचं तर तीनही ओट्या बंद, न करायचं तर स्वैपाकघर. बाबली कंडक्टर होता, हिशेब पटकन करायचा. त्यानं सदरा काढून खुंटीला अडकवला आणि विचारलं, "तांदूळ खंय आसत?"

पुढचा आठवडा परबांच्या घरात फार मजेचा गेला, निदान पलंगावरच्या माणसाला. उकडा भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला. बांगडे साफ करताना डोकी पिकल्यानं पळवली आणि बाबली ओलाचिंब हात घेऊन माडाभोवती त्याच्यामागे धावला. नारळ खवताना बोट खवलं. विहिरीवरून पाणी, अंगणाला झाडू, कपडे, भांडी, आणि ह्या सगळ्यावर सकाळ-संध्याकाळ कुत्रा. पलंगावरून सूचना चालूच होत्या: "मीठ घातलास? झाकण काढा. पट्टो आवळून घाला, दोन बोटां जावक होयीत, चार नाय. काळोख पडायच्या आत येवा."

आणि पाहुणे. मथुराकाकी दुपारी डबा घेऊन यायची आणि गुडघ्यांना तेल चोळून जायची. सारिका सकाळी येऊन उजव्या हाताची विचारपूस करायची. मंगेश थर्मास पाठवायचा. ज्याचं जे दुखणं ठरलेलं, तेवढंच रुक्मिणी त्याच्यापुढे दुखवून दाखवायची. डब्यातली खापरोळी बाबलीच्या डोळ्यांदेखत डाव्या हातानं खायची आणि म्हणायची, "तुमका नको. तुमची साखर."

"जरासो तुकडो?"

"मी मेलंय तर मगे खावा."

बाबली पेज प्यायचा. बाहेर फिरायला गेला तरी कुठली ओटी मिळेना. मथुराकाकी म्हणे, "रुक्मिणीकडे डबो दिलंय, दोघांनी खावा." मंगेश म्हणे, "थर्मास धाडलंय मां." घर, विहीर, किनारा, घर एवढंच चालणं.

आठवड्याअखेर रुक्मिणीनं यंत्र मागवलं, त्याचं बोट धरलं आणि खटकन सुई टोचली. आकडा चांगलाच खाली आला होता.

बाबली आकड्याकडे बघत नव्हता. "तुझो उजवो हात बरो झालो?"

"सुयेपुरतो होता बरो," ती म्हणाली आणि हात पुन्हा चादरीखाली घेतला.

दोघांनाही सगळं कळलेलं होतं. पण आधी कोण बोलतं ह्यावर दोघं अडून बसले होते, आणि हे अजून किती चाललं असतं कोण जाणे. त्याच संध्याकाळी मथुराकाकी आणि सारिका एकाच वेळी आल्या. हे आजवर झालं नव्हतं. सारिका तयार झालेला पोपटी झंपर घेऊन पलंगाच्या उजव्या बाजूला बसली, काकी तेलाची वाटी घेऊन पायथ्याशी. एकीनं हात धरला, दुसरीनं गुडघा. काकी म्हणाली, "आज दुखता काय?" आणि सारिकानंही तेच विचारलं. हो म्हणायचं तर कुणाला, आणि कशाबद्दल? रुक्मिणीनं नुसतंच कण्हून घेतलं. सारिका काकीच्या हातातल्या वाटीकडे बघायला लागली होती, तेवढ्यात फोन वाजला.

"रुक्मिणी!" बाबलीचा आवाज पलंगापासून पडवीपर्यंत ऐकू आला. "पट्ट्यातसून सुटलो! केंड तोंडात धरल्यान! माझ्या हातात गावणा नाय!"

"धावा नको तेच्या मागसून!" रुक्मिणी ओरडली, आणि तो ओपीडीतला आवाज होता. "धावलास तर तेका खेळ वाटतलो!"

तेलाची वाटी सांडली. झंपर उडाला. कपाळाचं फडकं दारात पडलं आणि परबसिस्टर साडी वर खोचून अनवाणी सुटली, ती मंगेशच्या हॉटेलावरून अशी गेली, की बाकड्यावरची माणसं उभी राहिली. मंगेश पाण्याची बाटली घेऊन मागोमाग पळाला.

किनाऱ्यावर रापण नुकतीच ओढून झाली होती. वाळूत टाकून दिलेले केंड इकडेतिकडे फुगून पडले होते, आणि त्यातला एक पिकल्याच्या तोंडात होता. बाबलीनं दमल्या हातानं पट्टा ढिला बांधला होता आणि पिकलो मागे सरकत त्यातून अलगद निसटला होता. बाबली आणि रापणीतली दोन माणसं त्याला घेरू बघत होती. पिकलो ह्याच्या पायातून, त्याच्या बगलेतून, मासा उडवत, झेलत, आनंदानं वेडा झालेला.

"सगळे उभे रवा!" रुक्मिणीनं हुकूम सोडला. सगळे पुतळ्यासारखे थांबले. कुत्रा सोडून.

तिला माहीत होतं, हा आपलं ऐकणार नाही. इतक्या महिन्यांत एकदाही ऐकलं नव्हतं. म्हणून ती त्याला काहीच म्हणाली नाही. त्याच्याकडे पाठ करून वाळूत गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी उकरायला लागली. जोरात, वाळू मागे उडवत, जसा तो स्वतः उकरायचा तशी. आणि हळू आवाजात बोलायला लागली, "खंय गेलो गो? हयच होतो. बिळात गेलो काय?"

पिकलो थांबला. कान उभे झाले. आपल्यावाचून कुणीतरी बीळ उकरतंय हे त्याला सहन होईना. मासा तोंडात घेऊन दोन पावलं आला, मग वाकून खड्ड्यात बघायचं म्हणून त्यानं मासा खाली टाकला आणि नाक आत घातलं. रुक्मिणीनं त्याला काखोटीला मारलं.

मग तिनं हाताला पदर गुंडाळून त्याचा जबडा उघडला, बोटानं आतून पुसून घेतलं, मंगेशच्या बाटलीतलं पाणी त्याचं तोंड खाली धरून बाजूनं ओतलं. माशाच्या कातडीवर दात लागले होते, पण तुकडा गेलेला दिसत नव्हता. गिळलं नसावं. पण 'नसावं' वर परबसिस्टर आजवर कधी थांबली नव्हती. "रिक्षा हाडा," ती म्हणाली. "मालवणाक जावया डॉक्टराकडे. आणि तो मासो पिशयेत घाला."

रिक्षा येईपर्यंत थांबणं आलं. तेवढ्यात सारिका धापा टाकत पोचली.

"काकी, तुमचो हात..."

तिच्यामागून मथुराकाकी काठी टेकत आली. "हात खंयचो गो? गुडघे! गुडघ्यांनी कशी धावली ही?"

"गुडघे?" मंगेश म्हणाला. "माका तर चक्कर सांगलेली."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनी मिळून बाबलीकडे पाहिलं. बाबली समुद्राकडे बघत होता.

सगळं रुक्मिणीच्या हातात होतं. ती एक वाक्य बोलली असती तर बाबलीला किनारपट्टीवर कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं. तिनं वाळू झटकली, कुत्रा सावरून घेतला आणि म्हणाली, "तीनय दुखणी आसत. ह्या माणसावांगडा संसार केल्यार बायकोक कायव होता." आणि रिक्षात जाऊन बसली.

मालवणच्या डॉक्टरांनी कुत्रा तपासला, मासा बघितला, कपाळाला आठ्या घातल्या आणि तिथंच थांबवून घेतलं. उलटी होते का, पाय लटपटतात का, श्वास कसा आहे, हे बराच वेळ बघितलं. पिकल्यानं त्या वेळात डॉक्टरांच्या टेबलाखालचा जुना मोजा शोधून काढला आणि तो उंदीर समजून मारला. "ह्याला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण पोटात गेला असता तर वेळ मिळाला नसता. पट्टा बदला, आणि किनाऱ्यावर नेताना ह्याच्या तोंडात आधीच काहीतरी द्या, एखादा चेंडू. रिकामं तोंड ठेवू नका." ह्यावर रुक्मिणीनं नवऱ्याकडे इतकं रोखून पाहिलं, की डॉक्टरांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं.

परतताना रिक्षात दोघं दोन कडांना बसली होती. पिकलो मधे झोपलेला. वाटेतलं तोंडवळी गाव मागे पडल्यावर बाबलीच बोलला.

"गाडयेर होतंय तेव्हा माणसां आपणहून बोलायची. आता 'कसो आसंस' विचारतत आणि फुडे जातत. माझी साखर वाडली सांगलंय तर तिठ्यावरच्या टपरीत बिनसाखरेचो च्या दिल्यानी. तुझे गुडघे सांगलंय तर म्हाताऱ्येन बसाक पाट दिल्यान."

रुक्मिणी बाहेर बघत होती. "हात आणि चक्कर कित्याक मगे?"

"रोज रोज गुडघे काय सांगतलंय? माणसां कंटाळतत."

तिनं हसू दाबलं. मग पिकल्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सगळ्या गावाक मी विचारलंय, खंय दुखता म्हणान. माका कोणी विचारूक नव्हतां. ह्या आठवड्यात काकीन माझे पाय चोळल्यान. खोटे गुडघे, पण चोळल्यान खरेच." मग त्याच्याकडे वळून, "पोपटी रंग तुमका कसो कळलो?"

"घोव आसंय तुझो," बाबली म्हणाला. "बुकिंग क्लार्क नाय."

दुसऱ्या दिवसापासून दोघं मिळून फिरायला जाऊ लागले. छातीवरचा पट्टा नवा आला, मागे सरकूनही न निघणारा. पिकल्याच्या तोंडात चेंडू आला, आणि तो मिरवताना त्याला केंडांकडे बघायला वेळ उरेना. मथुराकाकीनं आठवडाभर अबोला धरला. पण एकटीनं शिरवाळे करून खाण्यात तिला गोडी वाटेना, तेव्हा तिनंच निरोप पाठवला. सारिकानं झंपर उसवून दोन हातांनी घालायचा केला. रोज सगळीकडे बसणं होऊ लागलं. रुक्मिणी खायची, बाबली बोलायचा.

पण एक गोष्ट बाबलीला समजेना. मंगेश हल्ली कप त्याच्यासमोर ठेवायचा आणि अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडायचा, "काका! च्या! बिनसाखरेचो!"

"अरे, हळू बोल मेल्या."

मंगेश आणखी मोठ्यानं ओरडायचा. सारिका हातवारे करून बोलायची. मथुराकाकी तर दोनदोनदा सांगायची आणि वर त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, बिचारा म्हणून.

"ह्या गावाक झालां काय गो?" एका संध्याकाळी घरी येताना बाबली कान चोळत म्हणाला. "सगळे माझ्यार वराडतत!"

रुक्मिणी वाकून पिकल्याच्या पट्ट्यात दोन बोटं घालून बघत होती. तिनं वर न बघताच सांगितलं, "समुद्राची गाज वाडल्या ह्या दिवसांत. तेंका वाटता, तुमका ऐकाक येवचा नाय." आणि पिकल्याला घेऊन ती झपझप पुढे निघाली, कारण तोंडावर आलेलं हसू तिला नवऱ्याला दाखवायचं नव्हतं.